सहा खुर्च्यांचं हिरवं कार्ड

१

रविवारी सकाळी दिपमाला बोरसे धुळ्याच्या बसमधून जळगावला उतरली ती कापसाच्या एका जळालेल्या जिनिंग शेडच्या चौकशीसाठी. विमा कंपन्या दावा मंजूर करण्याआधी ज्यांना खरंखोटं पाहायला पाठवतात, त्यांतली ती एक. शेडचं काम सोमवारी होतं. रविवार मावसभाऊ भूषणकडे काढायचा, मावशीच्या हातचं वांग्याचं भरीत खायचं आणि दुपारी झोपायचं, एवढाच तिचा बेत होता.

भूषण स्टँडवर घ्यायला आला, पण त्याने गाडी घराकडे वळवलीच नाही.

"ताई, आधी ऑफिसला चल. माझी अब्रू जायची वेळ आली आहे."

भूषणची सहलींची कंपनी होती. चारधाम, केरळ, फार तर दुबई. पण यंदा त्याने मोठी उडी मारली होती. जळगावातल्या सहा जणांना तो जानेवारीत व्हिएन्नाला नेणार होता, तिथल्या एका जुन्या राजवाड्यातल्या बॉलला. बॉल म्हणजे रात्रभर चालणारा नृत्यसमारंभ. पुरुषांनी काळा कोट घालायचा, बायकांनी पायघोळ पोशाख, आणि समोर मोठा वाद्यवृंद.

"तिकीट मिळणं अवघड नसतं," ऑफिसचं कुलूप काढत भूषण म्हणाला, "पण तिकीट म्हणजे फक्त आत जायची परवानगी. बसायचं असेल तर टेबल वेगळं राखून ठेवावं लागतं. आणि टेबलं उन्हाळ्यातच संपतात. मी ईमेलवर ईमेल पाठवत होतो. शेवटी दिवाळीत कोणीतरी रद्द केलं आणि सहा खुर्च्यांचं एक टेबल आपल्याला मिळालं. सज्जात, नाचाच्या फरशीच्या अगदी वर."

"मग?"

"मग काय? काल कुरियरने तिकिटं आली. टेबलाचं कार्डही आलं. आणि काल संध्याकाळी, सगळे इथं जमलेले असताना, ते कार्ड पाकिटातून नाहीसं झालं. तिथले लोक दुसरं देत नाहीत, ताई. कार्ड नाही तर टेबल नाही."

दिपमालाने खुर्ची ओढली. भरीत आता दुपारवर गेलं, हे तिच्या लक्षात आलं होतं.

"कार्ड आलं होतं हे कशावरून? तू पाहिलंस?"

भूषणने नकारार्थी मान हलवली. "सुनिताने पाहिलं. माझ्या ऑफिसातली मुलगी. पाकीट तिने फोडलं. आणि काल रात्री सगळ्यांसमोर मी तिला सांगून बसलो, की कार्ड सापडेपर्यंत कामावर येऊ नकोस."

२

सुनिता पावरा चोपड्याच्या पलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. जळगावात कॉलेज करून ती भूषणकडे लागली होती. एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. दिपमाला तिथं पोहोचली तेव्हा ती बॅग भरत होती.

"गावाला निघालीस?"

"इथं राहून काय करू, मॅडम? सहलीतले समाधान काका सगळ्यांसमोर म्हणाले, हिनेच कुठंतरी टाकलं असेल. सरांनी माझी बाजू घेतली नाही, उलट कामावर येऊ नकोस म्हणाले." तिच्या आवाजात रडं नव्हतं, राग होता. "मी पाकीट फोडलं, पाहिलं आणि सगळं परत आत ठेवलं. तिकिटं होती आणि एक जाड हिरवं कार्ड, सोनेरी काठाचं. संध्याकाळी सरांना पेढे वाटून सगळ्यांसमोर तिकिटं काढायची होती, म्हणून पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं."

"आणि सरांनी तिकिटं काढली तेव्हा?"

"फक्त तिकिटंच निघाली. सर म्हणाले, कार्ड मागून येणार असेल. सगळ्यांना पटलं. मीच म्हटलं, नाही सर, हिरवं कार्ड होतं, मी पाहिलंय. तिथून सगळं सुरू झालं."

दिपमाला हसली. आज सकाळपासून तिला पहिल्यांदाच बरं वाटलं.

"बॅग सोड," ती म्हणाली. "कार्ड तू घेतलं असतंस किंवा हरवलं असतंस, तर गप्प बसणं तुझ्या फायद्याचं होतं. कार्ड आलं हे तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. तू बोलली नसतीस तर सगळ्यांनी व्हिएन्नावाल्यांना दोष दिला असता आणि पेढे खाऊन घरी गेले असते. ज्याने कार्ड घेतलं त्याचीही हीच अपेक्षा होती. तू खरं बोललीस म्हणून त्याचा डाव फसला."

 सुनिताने बॅगेतून एक साडी काढून परत खुंटीवर टाकली.

"एक सांग. पाकीट टेबलावर ठेवलं, ते सरांनी उघडलं, मध्ये काय झालं?"

"लाइट गेले. नाच शिकवणारे आमचे नवीन सर म्हणाले, गच्चीवर चांदणं आहे, तिथं नाचाचा एक राउंड करू. सगळे वर गेलो. सहलीतले रूपचंदआबा सोडून. आबा ऑफिसातच बसून राहिले, एका छोट्या दिव्याच्या उजेडात. लाइट येईपर्यंत."

म्हणजे पाकिटाजवळ सगळा वेळ एकच माणूस होता.

३

नवीन हा नृत्यशिक्षक. लग्नाच्या संगीतासाठी नवऱ्यामुलींच्या मावश्या नाचवून त्याने नाव कमावलं होतं. एका परदेशी शिबिरात वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने करायचा तीन मात्रांचा नाच, शिकून आला आणि त्याने जळगावात साठीच्या आसपासच्या जोडप्यांचा वर्ग काढला. आजच्या सरावासाठी तो एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या बाजूला सारत होता. त्याची बायकोही सहलीत होती, पण काल ती माहेरी नाशिकला होती.

"मला टेबलाचं काही नाही," तो म्हणाला. "मी आधीच म्हटलं होतं, बॉलला लोक नाचायला जातात, बसायला नाही. पण कार्ड घेऊन मी काय करू? ते दुसऱ्याला चालतही नाही, आधी तिकीट लागतं."

"काल तू गच्चीवरून खाली आला होतास?"

"स्पीकर न्यायला. आबांना म्हटलं, 'आबा, स्पीकर नेतो हं.' त्यांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांना हे नाचणंच पसंत नाही. बायकोच्या, अक्कांच्या, हट्टाखातर येतायत."

समाधान पाटलांचा बंगला जवळच होता. ते ठिबक सिंचनाच्या पाइपांचे व्यापारी, आणि बायको डॉ. सुलक्षणा डोळ्यांच्या डॉक्टर. दोघं चहा घेत बसली होती. सुनिताचं नाव निघताच समाधानराव जरा वरमले.

"बोलून गेलो रागात. पण मग दुसरं कोण? आम्ही सगळे वर. हां, मी एकदा खाली आलो होतो, चष्मा राहिला होता. दारातूनच आबांना म्हटलं, चला की वर. हूं नाही की चूं नाही. मी म्हटलं, जाऊ दे, म्हातारा रागावलाय."

"आणि मी शाल न्यायला," सुलक्षणाताई म्हणाल्या. "जिन्यात कोकिळाअक्का भेटल्या, मोबाइलचा टॉर्च लावून वर येत होत्या. म्हणाल्या, यांना बघून आले."

"काल टेबलाबद्दल आधी काही बोलणं झालं होतं?"

"झालं की. भूषण सगळं समजावून सांगत होता. अक्कांनी विचारलं, टेबल नसेल तर काय होतं? तो म्हणाला, मग रात्रभर एकतर उभं राहा नाहीतर नाचा. सगळे हसलो." त्यांनी कप खाली ठेवला. "आबा म्हणाले, मी तर बुवा टेबलाला चिकटून बसणार. तुम्ही नाचा, मी वरून पाहतो."

दिपमाला निघाली तेव्हा समाधानराव फाटकापर्यंत आले. आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगतो, बाई. रूपचंदआबा माझे मित्र आहेत. पण मी पाहिलंय. पाकिटापासून हातभर अंतरावर तेच होते."

४

रूपचंदआबा मूळचे दोंडाईचाचे. मिरचीचा व्यापार मुलांवर सोपवून जळगावात येऊन राहिले होते. त्यांची बायको कोकिळा, सगळ्यांची अक्का, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. किती वर्षं नकाशावर छडी ठेवून त्यांनी पोरींना डॅन्यूब नदी दाखवली होती. व्हिएन्नाची कल्पना त्यांचीच.

दार आबांनी उघडलं. आतली बैठकीची खोली मोठी होती आणि मोकळी. फरशी लखलखत होती. भिंतीकडेला एक लाकडी स्टूल तेवढं दिसत होतं.

"बसा म्हणलं असतं," आबा म्हणाले, "पण बसशात कुठं? सोफा हिने खोळी बदलाले पाठवला. खुर्च्या पॉलिशला गेल्या. महिना झाला, आम्ही आपल्या घरात उभे."

आतून अक्का आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, केस नीट बांधलेले. "येतील हो आता," त्या म्हणाल्या आणि दिपमालाकडे पाहून गोड हसल्या. "चहा टाकते."

दिपमाला आबांच्या डाव्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली.

"आबा, काल लाइट गेले तेव्हा ऑफिसात कोण कोण आलं?"

आबा खिडकीबाहेर पाहत राहिले. तिला वाटलं, उत्तर टाळतायत. मग त्यांनी मान वळवली, तिचे ओठ हललेले पाहिले आणि म्हणाले, "इकडे या, पोरी, या बाजूला. तिथं ऊन येतं डोळ्यावर."

तिथं ऊन नव्हतं. ती उजवीकडे गेली आणि प्रश्न पुन्हा विचारला.

"कोणी नाही," आबा ठामपणे म्हणाले. "मी खिडकीजवळ बसेल होतो, दाराकडे पाठ करून. एक माणूस आत आला नाही. देवाशपथ."

"नवीन आला नाही? समाधानराव?"

"सांगितलं ना, कोणीच नाही."

चहा आला. दिपमालाने तो उभ्यानेच घेतला आणि अक्कांना सहज विचारलं, "तुम्ही काल मध्ये खाली आला होता का?"

"मी? नाही गं. मी गच्चीवरच होते." अक्कांनी कप गोळा केले आणि त्या घाईने आत वळल्या. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "अहो, गॅसवाल्याचा फोन आला होता का?"

आबा कपातला शेवटचा घोट पीत राहिले. उत्तर दिलं नाही.

"बघा," अक्का दारात येऊन दिपमालाला म्हणाल्या, हसतच, पण ते हसणं पुरतं उमटलं नाही. "वर्षभर असंच. बोललं की उत्तर नाही. पूर्वी असे नव्हते हो."

रस्त्यावर येऊन दिपमाला कडुलिंबाखाली थांबली. तिच्या धंद्यात ती अशा गाठी सोडवत आली होती. तीन माणसं मोकळेपणाने सांगतात, आम्ही आत गेलो होतो. ज्याला लपवायचंय तो असं सांगणार नाही. आत बसलेला माणूस शपथेवर सांगतो, कोणीच आलं नाही. आणि आत गेलेल्यांपैकी एकच बाई म्हणते, मी गेलेच नाही.

आबा खोटं बोलत असते तर त्यांनी चांगलं खोटं रचलं असतं. समाधान आला होता, नवीन आला होता, असं सांगून संशय पसरवला असता. कोणीच आलं नाही असं सांगून ते एकटे अडकत होते. असं बोलणारा माणूस एकतर मूर्ख, नाहीतर प्रामाणिक. आणि दोंडाईचाच्या बाजारात मिरची विकून तीन घरं बांधणारा माणूस मूर्ख नसतो.

त्यांना खरंच कोणी आल्याचं कळलं नव्हतं.

मग तिने दुसरा धागा हातात घेतला. हे कार्ड घेऊन कोणाला काय मिळणार? विकता येत नाही, वापरता येत नाही. त्याने एकच गोष्ट होते. व्हिएन्नात सहा माणसांना बसायला जागा उरत नाही. बसायला जागा नको, असं कोणाला वाटेल?

अक्कांनी तर घरातला सोफा महिन्यापूर्वीच हलवला होता.

५

संध्याकाळी सरावाला सगळे हॉलवर आले. दिपमालाने अक्कांना बाहेरच्या पायऱ्यांवर बसवलं. नवीन आत गाणी लावून पाहत होता.

"अक्का, कार्ड पर्समध्ये आहे की घरी?"

अक्का दचकल्या. त्यांचा हात आपोआप पर्सवर गेला.

"तुम्हाला वाटलं, व्हिएन्नाहून कार्ड आलंच नाही असं सगळे समजतील," दिपमाला म्हणाली. "पण सुनिताने ते पाहिलं होतं. काल रात्री भूषणने तिला कामावरून थांबवलं. सकाळी ती गावाला जायला बॅग भरत होती."

"काय?" अक्का उभ्या राहिल्या. "त्या पोरीला? पण काल नुसती शोधाशोध चालली होती तेव्हा आम्ही निघालो. यांना भूक लागली होती. मला कोणी सांगितलं नाही. अगंबाई." त्यांनी घाईने पर्स उघडली. सोनेरी काठाचं हिरवं कार्ड त्यांच्या रुमालात गुंडाळलेलं होतं. "घे. आत्ता दे. मी स्वतः सांगते तिला."

"ती येतेय. भूषणला मी तिला आणायला पाठवलंय. पण आधी मला सांगा."

अक्का परत बसल्या. हॉलच्या दाराकडे पाहत बोलू लागल्या. "नवीनचा वर्ग सुरू झाला तेव्हा हेच म्हणाले होते, चल, शिकू. दोन दिवस आले. मग म्हणाले, मला नाही जमत. मग मी एकटी. कधी सुलक्षणाबरोबर, कधी नवीनबरोबर. तिकडे जाऊन हे सज्जात बसणार आणि मी खाली दुसऱ्याच्या हातात हात देऊन नाचणार. टेबल नसतं तर काय केलं असतं यांनी? रात्रभर उभे राहिले असते? माझ्याबरोबर दोन पावलं टाकलीच असती."

"आबा तिथंच बसले होते. तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. मी त्यांच्या पाठीशी उभी होते. पाकिटात हात घातला तर बांगड्या वाजल्या. मी तशीच थांबले. हे वळले नाहीत." अक्कांचा चेहरा उजळला. "मला वाटलं, यांना कळलंय आणि हे मुद्दाम वळत नाहीयेत. घेऊ देतायत. रात्रभर मला झोप नाही आली आनंदाने. वाटलं, मनातून तयार झालेत."

दिपमालाला पुढचं बोलणं जड गेलं. पण न बोलणं जास्त वाईट होतं.

"अक्का, त्यांना ऐकूच आलं नाही. नवीन बोलला ते नाही, समाधानराव बोलले ते नाही, आज सकाळी तुम्ही स्वयंपाकघरातून विचारलंत तेही नाही. त्यांचा डावा कान गेलाय आणि उजव्यालाही फक्त जवळचं ऐकू येतं. मी डावीकडे उभी राहिले तर त्यांनी मला उन्हाचं निमित्त सांगून उजवीकडे घेतलं. वर्षभर ते असंच निभावत असतील. गाण्याचा ठेका त्यांना नीट लागत नसणार, म्हणून नाच सोडला."

 अक्का उठल्या आणि आत गेल्या.

आबा भिंतीकडेच्या बाकावर बसले होते. अक्का त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, कार्ड मी घेतलं."

आबा समोर नवीनकडे पाहत राहिले.

अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. तेवढं मात्र आबांना दिसलं. ते गडबडून त्यांच्याकडे वळले. एवढा वेळ सांभाळलेली शहरी भाषा गळून पडली.

"काय व्हयनं? तू कसाले रडी ऱ्हायनी?"

अक्का उठून उजवीकडे बसल्या. त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. कार्ड, बांगड्या, बसायची जागा. आणि कान. आबांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"सांगायचं होतं," ते म्हणाले. "पण आपण बाजारात बोली ऐकणारा माणूस. बहिरा झाला असं कोणाले सांगू? तुले तर नाहीच."

"मला नाही सांगितलं, डॉक्टरला तरी सांगाल ना? उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ."

तेवढ्यात भूषण सुनिताला घेऊन आला. अक्का सरळ तिच्याकडे गेल्या, सगळ्यांसमोर कार्ड तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "मी घेतलं होतं, पोरी. तू खरी होतीस. माझ्यामुळे तुला ऐकून घ्यावं लागलं, मला माफ कर."  समाधानराव पुढे आले आणि चारचौघांत सुनिताची माफी मागितली. भूषणही काहीतरी पुटपुटला. सुनिताने त्याला थांबवलं.

"सर, माफी ठीक आहे. पण काल सगळ्यांसमोर बोललात, तसंच आजही जोरात बोला."

भूषण जोरात बोलला. दिपमालाला आपला मावसभाऊ त्या क्षणी बरा वाटला.

"चला, सुरू करू," नवीन म्हणाला आणि वॉल्ट्झ लावला. समाधानराव आणि सुलक्षणाताई फरशीवर उतरले. अक्का आबांसमोर उभ्या राहिल्या.

"माले ठेका लागत नाही," आबा म्हणाले. "सूर येतो, पण एक-दोन-तीन कुठं ते कळत नाही."

"आवाज वाढवू का?" नवीनने विचारलं.

"नको," अक्का म्हणाल्या. त्यांनी डावा हात आबांच्या खांद्यावर ठेवला आणि बोटांनी हलकेच दाबलं. एकदा जोरात, दोनदा हळू. पुन्हा एकदा जोरात, दोनदा हळू. आबा मान कलती करून उभे राहिले, जसं कोणी दुरून बोलतंय आणि ते ऐकायचंय. मग त्यांनी पाय उचलला.

पहिल्याच पावलाला तो अक्कांच्या पायावर पडला. अक्का ओरडल्या आणि हसायला लागल्या. आबा हसले नाहीत. दात आवळून त्यांनी बायकोला नीट धरलं, जत्रेच्या गर्दीत धरावं तसं, आणि म्हणाले, "थांबू नको. दाबत राहा."

त्यांनी हॉलची एक बाजू पार केली. कोपऱ्यात वळताना तोल गेला, पण सावरले. दुसऱ्या बाजूला पोहोचेपर्यंत आबांचे ओठ एक-दोन-तीन मोजत हलायला लागले होते आणि सुनिताने दारातूनच टाळी वाजवली. ती त्यांना ऐकू गेली की नाही कोण जाणे. त्यांनी मात्र अक्कांना घेऊन पुढची गिरकी घेतली.